गावदेवीचा कौल

कल्याणहून मी कोपरला माहेरी गेले की येताना पिशवीत दोन गोष्टी ठरलेल्या. वहिनीने बांधलेला सुका जवळा आणि नवे किस्से. जवळा आठवड्यात संपतो. किस्से काही संपत नाहीत.

मागच्या महिन्यात गेलेले. रिक्षावाल्याला सांगितलं, गावदेवीकडे घे. पोरगा विचारतो, "आजी, कुठल्या टॉवरची?" मी म्हटलं, अरे, टॉवर तिच्या जागेत आलेत, ती नाही टॉवरात! त्याने मोबाइल काढला आणि देवीला शोधायला लागला. शेवटी मीच रस्ता दाखवला, आणि भाडं पण मीच दिलं.

*

आमचे बाबा सोमवारचे कडक. मासे तर नाहीच, मच्छीवाली गल्लीत आली तर नाकावर हात ठेवायचा. वासाने पण उपास मोडतो म्हणे. मी लहानपणी विचारलेलं, वास घेतला म्हणजे खाल्लंच ना?

 मंगळवारी बाबांनी मला ताटात नुसता भात वाढला, कालवणाचं झाकण उचलून टोप माझ्या नाकासमोर धरला, परत झाकला.

"झालं तुझं जेवण," म्हणाले.

*

माझा मोठा भाऊ, दामूदादा, देवीला फार घाबरायचा. एकदा सकाळी तो पाया पडत होता आणि मी देवळामागे लपलेले. जाडा आवाज काढून म्हटलं, "दामू, अंघोळ केलीस काय?"

जो पळाला, तो थेट विहिरीवर. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ अंघोळ करतो. आता ऐंशीला आलाय, तरी चालूच. पाणी गेलं की वहिनी मला फोन करून शिव्या देते.

*

आमच्याकडे मोठं काम असलं की देवीचा कौल घ्यायचा. फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवीला लावायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

माझ्या लग्नाला डावी पडली. आई देवीला म्हणाली, "बाय, तू पोरगा बघितला नाहीस अजून." परत लावल्या. परत डावी. आई म्हणाली वारा आला, दार लावा. मग उजवी पडली.

दाराच्या फटीतून मी बघितलेलं. लावायच्या आधी आईने उजवी पाकळी हळूच पदराला पुसली होती. नवऱ्याला मात्र मी जन्मभर ऐकवलं, तुम्ही तिसऱ्या अटेम्प्टला पास झालेले!

*

आता मागच्या महिन्यात कशाला गेलेले ते सांगते.

आमची सगळी चाळ पडून तिथे बिल्डिंग होणार. देवीला बिल्डरने पुढच्या अंगणात नवीन देऊळ कबूल केलंय. सगळे तयार, एकटा दादा अडून बसलेला. देवी हलायला हो म्हणाली तरच मी हलणार! इकडे वहिनीचे गुडघे गेलेत, पोटमाळ्याची शिडी चढवत नाही. भाचा-सून स्वयंपाकघरात झोपतात. दादाने नवरात्रात स्वतः कौल लावला, तर डावी पडली. तेव्हापासून धड जेवत नव्हता. बिल्डर पण थांबायला तयार नव्हता.

मग दादाचाच फोन आला. "बाय, ये. या वेळी पाकळ्या तू लाव."

गेले. पंखा बंद, दार बंद, सगळे हात जोडून. दादाने तर डोळे मिटलेले. मी पाकळ्या भिजवल्या, लावल्या. कोणी हलेना. उजवी सुटली आणि खाली पडली. वहिनी तिथेच बसून रडायला लागली. भाचा बिल्डरला फोन लावत बाहेर पळाला.

बाकीचे वहिनीला धरून घरी घेऊन गेले, मागे मी आणि दादाच राहिलो. चपला घालताना तो हळूच म्हणाला, "पदराचं टोक भिजलंय तुझं. आत खोच."

मी टोक आत खोचलं. मग विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"आई पन तसंच करायची."

"मग दादा, हा कौल खोटा की रे."

त्याने वळून देवीला हात जोडले.

"पुसलीस तू," म्हणाला. "पाडली तिनं."