स्टेजसमोरचं पोतं

केवळाबाई लग्न होऊन सासरी आली, त्याच्या नवव्या दिवशी तिनं सासू-सासऱ्याचं भांडण ऐकलं. मुद्दाम ऐकायला गेली नव्हती. जात्यावर बसली होती, आणि ज्वारी दळताना कान काही झाकून ठेवता येत नाहीत. राणीसावरगावाच्या पलीकडची ती लहानशी वाडी. घरामागं मेंढरं कोंडायला दोरीचं जाळं लावलेलं, आणि त्या जाळ्याशी दोघं उभी. दुसऱ्या दिवशी खंडोबाची जत्रा. जत्रेत गावचीच माणसं नाटक करायची, आणि सासरा येडबा त्यात राजा व्हायचा.

भांडण एवढंच, की सासूला नाटक समोर बसून बघायचं होतं. बाया तेव्हा देवळाच्या भिंतीमागं बसत. तिथं राजाचा आवाज यायचा, राजा दिसायचा नाही.

"डिंक मी भिजविते, मिशी मी चिटकविते, फेटा मी बांधिते," सासू म्हणत होती. "आन् राजा झालेलं सगळ्या गावानं बघायचं, मी नुसतं कानानं बघायचं?"

येडबानं एका मेंढराच्या पाठीवरून हात फिरवला. मग खाली बघून म्हणाला, "तू म्होरं बसलीस की मला बोलणं आठवायचं न्हाई."

केवळाबाईच्या हातातला जात्याचा खुंटा थांबला. तिला वाटलं होतं, इज्जतीचं, रीतभातीचं काहीतरी निघेल. निघालं काय, तर नवऱ्याला बायकोची धास्ती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सासूनं स्टेजसमोर पोतं अंथरलं, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि दिवे लागल्यावर नव्या सुनेला शेजारी घेऊन बसली. राजाच्याच बायकोला उठवणार कोण? येडबा दरबारात आला, त्यानं समोर बघितलं, आणि खरंच विसरला. पडद्याआडून बोलणं सांगणारा पानं उलटत बसला. तेव्हा सासूनं पोत्यावरूनच पुढचं वाक्य सांगितलं. मेंढरांमागं तो रोज घोकायचा, तिला पाठ झालं होतं. राजानं ते म्हटलं, गाव हसलं, नाटक पुढं गेलं. त्या सालापासून स्टेजसमोरची ती जागा येडबाच्या घरच्या बायांची झाली, आणि सासू गेल्यावर केवळाबाईची.

या गोष्टीला पन्नासावर वर्षं झाली. गावची माणसं आता नाटक करत नाहीत, बाहेरची मंडळी टेम्पो घेऊन येते. पोती बदलली, पहिलं तागाचं होतं, आताचं खताचं आहे. केवळाबाईचा नेम मात्र बदलला नाही. दुपारी पोतं, आणि पोतं टाकून झालं की बाभळीच्या डिंकाची पुरचुंडी स्टेजमागं नेऊन द्यायची. सासू द्यायची म्हणून ती देते. कोणी वापरतं की नाही, हे तिनं कधी विचारलं नाही.

शाळा तिची दुसरीपर्यंत, पण नाटकातलं तिला कळतं. तिचं मत कोणी विचारत नाही, ती सांगते. एका साली एक जण स्टेजवर मेला आणि मेल्यावर त्यानं डास मारला. त्या मंडळीचं नाव ती अजून घेत नाही. दुसऱ्या साली एक मेलेला असा, की गावातलं कुत्रं वर चढून त्याचा पाय चाटून गेलं, तरी गडी हलला नाही. सकाळी तिनं त्याला बोलावून भाकरी-ठेचा खाऊ घातला. एक जण दारुड्याचं काम करणार होता आणि खरीच पिऊन आला होता. ती म्हणाली, याच्यात काय बघायचं, हे तर गल्लीत रोज दिसतंय. आता सगळ्यांच्या कॉलरला माईक असतो, त्यामुळं पोटातून आवाज काढायची कोणाला गरज उरली नाही, असंही तिचं म्हणणं.

टीव्हीचं वेगळं. सून बबिता साडेसातला मालिका लावते, तेव्हा केवळाबाई टीव्हीकडं पाठ करून डाळ निवडत बसते. तिच्या मते टीव्हीत बघण्यासारखं काही नसतं. बाया नथ घालून झोपतात. कोणाच्या स्वयंपाकघरात एक खरकटं भांडं नाही. एकीनं कानफटात मारली की तीच कानफटात तीनदा दाखवतात. पाठ करून बसली तरी आता कोण कोणाला विष देणार हे ती आधीच सांगते, आणि बबिता चिडते. "आत्याबाई, बघायचं नसलं तर ऐकू तरी नका." पण तिचा खरा राग निराळा आहे. टीव्हीतल्या माणसाला आपण दिसत नाही. आपण हसलो काय, उठून गेलो काय, त्याचं चालूच. स्टेजवरचा माणूस मात्र समोर बघतो, आणि पोत्यावरची बाई हसली नाही तर त्याच्या कपाळाला घाम येतो.

मालिशीचंही तिचं असंच मत आहे. तिचे गुडघे गेली बारा-तेरा वर्षं चांगुणाबाईच्या हातात आहेत. चांगुणाबाई पलीकडच्या वस्तीतली. निम्म्या गावाची लेकरं तिनं चोळून न्हाऊ घातली, बाळंतिणींच्या पाठी शेकल्या. करडईचं तेल कोमट करून ती गुडघ्याच्या वाटीखाली अंगठा लावते, आणि कळ आली की केवळाबाई बोलायच्या आत तो अंगठा थांबतो. दोघी एकाच पोत्यावर बसून नाटक बघतात. चांगुणाबाई जत्रेत देवाच्या पाया पडत नाही, ते त्यांच्यात नाही. नाटक मात्र तिनं एक साल चुकवलं नाही.

तरी दोन महिन्यांपासून केवळाबाई दर मंगळवारी आणि शुक्रवारी एसटीनं गंगाखेडला जाऊ लागली होती. तिथं एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर मालिशच्या पलंगांचं सेंटर निघालं होतं. बारा पलंग, आत गरम दगडांचे गोळे, आणि ते पाठीखालून मानेपर्यंत वर-खाली फिरायचे. फुकट. पलंग विकत घ्या म्हणून ते शेवटी हळूच सांगायचे, पण जबरदस्ती नव्हती. पलंगाबद्दल केवळाबाईचं मत असं होतं, की ऊब चांगली आहे, पण दगडाला अक्कल नाही. लठ्ठ माणूस असो, हाडकुळं असो, त्याचं आपलं एकच. टीव्हीच तो, पाठीखाली घातलेला.

पलंगावर जायच्या आधी सगळ्यांना खुर्च्यांवर बसवून टाळ्या वाजवायला लावत आणि रोज एकाच्या हातात माईक देत. त्याला 'अनुभव' म्हणायचे. एक जण म्हणाला, मी काठी फेकून दिली. केवळाबाईनं जिन्याखाली चपला घालताना बघितलं, तर त्याची काठी तिथं भिंतीला टेकवलेली. घरी येऊन तिनं सांगितलं, बोलणं गड्याचं पाठ होतं, पण काठी लपवायला विसरला.

जत्रा आठ दिवसांवर आली तेव्हा बन्सीधर घरी आला. हा तिच्या दिराचा मुलगा, जत्रेच्या कमिटीत. त्यानं मोठ्या खुशीनं सांगितलं की यंदा मांडव, खुर्च्या आणि भिंतीएवढा स्क्रीन सेंटरवाले देणार आहेत. पुढं पाहुण्यांना सोफे. बायांना मागं, दोरीच्या पलीकडं, पण फिकीर नाही, त्यांना स्क्रीनवर सगळं मोठं दिसेल. आणि काकींना खास पुढचा सोफा, बदल्यात नाटकाआधी माईकवर चार वाक्यांचा अनुभव.

"आन् चांगुणा?" केवळाबाईनं विचारलं.

"त्यांना स्क्रीन हाय की, काकी."

तिनं लगेच नकार दिला नाही. सोफा तिला हवा होता. पोत्यावर बसणं जमायचं, पण उठायला तिला आता दोन माणसं लागत होती, आणि दोन तास मांडी घालून बसलं की पुढचे चार दिवस पाय जमिनीला टेकवणं नकोसं व्हायचं. बबिताही म्हणाली, चार वाक्यं बोलायला काय जातंय, सगळेच बोलतात, इज्जतीनं बसायला मिळंल.

शुक्रवारी ती सेंटरवर गेली. तिथल्या हरिओम सरांनी कागद आधीच लिहून ठेवला होता. केवळाबाई अक्षर लावत वाचते, तिचा वेळ वाया जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतःच वाचून दाखवला. माझे गुडघे हलत नव्हते. मी गावातल्या चोळणाऱ्या बाईकडं वर्षानुवर्षं गेले, काडीचा फरक पडला नाही. इथं आले आणि दोन महिन्यांत चालू लागले. सर म्हणाले, मंगळवारी इथं सगळ्यांसमोर एकदा तालीम करू, म्हणजे जत्रेत अडायचं नाही.

त्या संध्याकाळी चांगुणाबाई तेलाची वाटी घेऊन आली, तेव्हा केवळाबाईनं तिला कागदात काय आहे ते सांगून टाकलं. लपवून ठेवणं तिला जमत नाही, आणि गुडघा तिच्या हातात असताना तर नाहीच.

"मग बोल की," चांगुणाबाई म्हणाली. "सोफ्यावर बस, पायावर पाय टाकून. माझ्या अंगठ्याला काय, कुठं जाहिरात द्यायचीय?"

ती हसली आणि दुसरंच बोलू लागली. पण त्या दिवशी डावा गुडघा जरा जास्तच रगडला गेला, आणि कळ आली तरी अंगठा थांबला नाही.

मंगळवारी सेंटरवर पन्नासेक माणसं होती. हरिओम सरांनी माईक दिला, कागदही दिला. केवळाबाईनं कागदाची घडी घालून कमरेला खोचली, माईक तोंडापासून वीतभर लांब धरला, जसा धरायला पाहिजे तसा, आणि समोर बघून बोलली.

"मी केवळाबाई. माझे गुडघे होते तसेच हायेत. त्यात पलंगाची चूक न्हाई, गुडघेच जुने हायेत. तरी मी इथं येते. कामून, तर इथं चाळीस मिनिटं उताणं पडलं तरी कुणी 'आत्याबाई, जरा शेळ्या बघा' म्हणत न्हाई. भर दिवसा बाईमाणसाला आडवं व्हायला जागा दिली, हे तुमचं लय चांगलं काम हाय. गुडघ्याचं इचाराल, तर ते चांगुणाबाईच्या अंगठ्यावर चालायलेत. सोफ्यासाठी तिला मी खोटं पाडणार न्हाई."

तिथं टाळ्या एक-दोन-तीन म्हटल्यावर वाजायच्या. त्या दिवशी कोणी मोजलं नाही. बाया हसत होत्या आणि टाळ्याही वाजवत होत्या, आणि मागून एकीनं विचारलं की ही चांगुणाबाई कुठं राहते. हरिओम सरांनी माईक घेतला, हसल्यासारखं केलं आणि आजींना आज बरं वाटत नाही असं सांगितलं. केवळाबाई तरी सात नंबरच्या पलंगावर जाऊन आपली चाळीस मिनिटं पुरी पडून आली. तिच्या पाळीची होती ती, का सोडायची?

ती वाडीत पोचायच्या आत फोन पोचला होता. बन्सीधर दारातच उभा. काकी, सोफा गेला आता, त्यांनी दुसऱ्याला दिला, आणि माझीही मान खाली गेली. मागं बसा, स्क्रीन मोठा आहे. केवळाबाईनं त्याला चहा दिला.

जत्रेच्या दिवशी दुपारी ऊन चांगलं होतं. मांडवात सोफे मांडून झाले होते, त्यांच्यावर प्लॅस्टिकही तसंच होतं. स्टेज आणि पहिला सोफा यांच्यामध्ये चार हात मोकळी जमीन राहिली होती. केवळाबाईनं बगलेतलं पोतं तिथं अंथरलं, झटकलं, सरळ केलं. चार दगड शोधायला वेळ लागला, कारण कमिटीनं यंदा जमीन झाडून घेतली होती. तीन मिळाले, चौथ्या जागी तिनं वीट ठेवली.

बन्सीधर धावत आला. "काकी, हितं न्हाई. पाहुण्यांच्या म्होरं बसायलाव का तुमी?"

"म्होरं न्हाई रे, खाली. माझ्या डोक्यावरून दिसतंय त्यांना."

"स्क्रीनवर ह्याच्यापेक्षा मोठं दिसतंय म्हणून सांगायलोय ना."

"मला दिसंल," ती म्हणाली. "पर मी कुणाला दिसणार? स्क्रीनला मी दिसते का? नाटकवाल्यानं मान वर केली की म्होरं माणूस पायजे, सोफा न्हाई. तुझ्या आजीनं ही जागा तुझ्या आजोबाशी भांडून घेतली. उठवायचं तर आज सांजच्याला येऊन सगळ्या जत्रेसमोर उठीव. चांगुणा बी बसणार हाय, दोघींना धर."

बन्सीधरनं पोत्याकडं बघितलं, विटेकडं बघितलं. शेवटी त्यानं पहिला सोफा दोन्ही हातांनी धरून वीतभर मागं ओढला आणि वायरवाल्यावर ओरडत निघून गेला.

केवळाबाई चांगुणाबाईच्या दारावरून गेली. पोतं टाकलंय एवढं बाहेरूनच सांगितलं. आतून आवाज आला, की उठताना हात मी देईन, पण मला कोण देणार ते आधी ठरव. केवळाबाई म्हणाली, सोफ्यावरचे पाहुणे काय कामाचे मग.

तिथून ती परत स्टेजमागं गेली. टेम्पो रिकामा झाला होता. पेट्या उघड्या, दोरीवर शालू आणि अंगरखे वाळत घातलेले, आणि एक दाढीमिशी नसलेला ढेरपोट्या माणूस पेटीवर बसून भजी खात होता. राजा कोण, असं तिनं विचारल्यावर त्यानंच हात वर केला. तिनं कमरेची पुरचुंडी सोडली. डिंक हरिओम सरांच्याच कागदात बांधलेला होता, कागद चांगला जाड होता.

"आजी, मिशीला आमच्याकडं विकतचं हाय," राजा म्हणाला.

"असू द्या. घामानं सुटतं ते."

तिनं पुरचुंडी त्याच्या पेटीवर ठेवली. कोमट पाण्यात भिजवा, गार नको, आणि तासभर आधी, एवढं सांगून ती गुडघ्यावर हात ठेवत घराकडं वळली. भाकरी टाकायच्या होत्या, आणि बबिता एकटीच होती.