फेस्ताच्या आठवड्यातल्या लाटा

माझा शेजारी क्रिस्पुलो हा फिलिपिन्समधल्या आमच्या सियारगाव बेटावरचा सर्वांत खरं बोलणारा नावाडी म्हणून ओळखला जाई. फळ्या घेऊन लाटांवर खेळायला जे परदेशी पाहुणे येतात, त्यांना तो पहाटे आपल्या तोल सांभाळणाऱ्या उलांडीच्या होडीतून बाहेरच्या प्रवाळापर्यंत नेतो आणि परत आणतो. लाट चांगली नसली तर तो त्यांना सरळ सांगे, "आज झोपा. उगाच भिजू नका." त्याची मेहुणी बेनिग्ना समुद्राकाठी चार खोल्या भाड्याने देते. ती म्हणे, "याला पाद्री करायला हवं होतं. माझी गिऱ्हाइकं तरी टिकली असती."

आमच्या किनाऱ्यावर सगळा खेळ वाऱ्याचा. हाबागात, म्हणजे नैऋत्येचा वारा, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तोवर लाट ताठ उभी राहते आणि स्वच्छ फुटते. मग ईशान्येचा अमिहान लागला की तो समुद्रावरून येऊन लाटेच्या पाठीत धक्के मारतो, आणि प्रवाळावर नुसता फेस उरतो. अमिहान कधी लागतो हे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. क्रिस्पुलोला तर असतंच असतं.

क्रिस्पुलोचा एक जुना पाहुणा होता, डेस नावाचा. ऑस्ट्रेलियात नळजोडणीची कामं करणारा, साठी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. दर दोन-तीन वर्षांनी तो सप्टेंबरात यायचा आणि फक्त क्रिस्पुलोच्याच होडीत बसायचा. त्याचे निरोप क्रिस्पुलोच्या फोनवर येत आणि क्रिस्पुलो फोन घेऊन माझ्या पायरीवर येई. होडीपुरतं इंग्रजी त्याला येतं, पण लिहायची त्याला लाज वाटते.

"तुम्ही लिहा, नांग पुरा," तो म्हणे. वयाने थोरल्या बाईला आमच्याकडे नांग म्हणतात. "नन्सनी शाळेत इंग्रजीसाठी तुम्हाला एवढी वर्षं गुडघ्यांवर बसवलं, त्याचा कुणाला तरी उपयोग होऊ दे."

त्या वर्षी जुलैत डेसचा निरोप आला. मुलीच्या लग्नामुळे सप्टेंबरात येता येणार नव्हतं. उजवा खांदा पार झिजला होता, डिसेंबरात शस्त्रक्रिया ठरली होती आणि त्यानंतर फळीवर पुन्हा हात मारता येईल की नाही, याची डॉक्टर खात्री देत नव्हते. म्हणजे ही बहुधा शेवटचीच खेप. त्याला दोन सवडी होत्या, ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे किंवा नोव्हेंबरचा शेवट. त्याने विचारलं होतं, "खेप सार्थकी लागायची तर कधी येऊ? तू सांगशील तेव्हाचं तिकीट काढतो."

मी 'ऑक्टोबर' लिहायला घेतलं. दुसरं काय लिहिणार?

"नोव्हेंबर लिहा, नांग."

"नोव्हेंबरच्या शेवटी? तोवर अमिहान लागलेला नसेल का?"

"कधी कधी उशिरा लागतो."

"असा कधी लागला होता?"

"कधी कधी." तो टाचेला लागलेला होडीचा रंग नखाने खरवडत होता. "आणि असं लिहा, की हंगामाच्या शेवटी गर्दी नसते. एका लाटेसाठी दहा जण भांडत नाहीत. हे तर खरं आहे ना?"

ते खरंच होतं. पाहुणा त्याचा, होडी त्याची. मी लिहिलं.

त्यामागचं कारण मला लगेच उमगलं. नोव्हेंबरच्या शेवटी आमच्या सान आंद्रेसचं फेस्त असतं आणि त्या वर्षीचा हेरमानो, म्हणजे फेस्ताचा यजमान, क्रिस्पुलो होता. हेरमानोने मिस्सेआधी संताची मूर्ती खांद्यावरून देवळात आणायची आणि नंतर सगळ्या गावाला जेवायला घालायचं. जेवणाइतकंच लोक आणखी एक गोष्ट बघतात, हेरमानोच्या टेबलावर दुरून कोण आलं. आदल्या वर्षीचा हेरमानो तेओदुल्फो याने मनिलाहून आपला न्यायाधीश चुलतभाऊ आणला होता, आणि गाव ईस्टरपर्यंत त्या न्यायाधीशाच्या बुटांबद्दल बोलत होतं. क्रिस्पुलोच्या घरचं कुणी बेट सोडून गेलंच नव्हतं. एक भाऊ जहाजावर गेला, तो कधी परतला नाही.

डेसचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, "तू म्हणतोस तर नोव्हेंबर. तिकीट काढलं." क्रिस्पुलोने ते माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं आणि उठून गेला.

ऑगस्टमध्ये तो एकदा पायरीवर येऊन बसला. "नांग, डेसला लिहा, की..." त्याने फोन परत खिशात घातला. "राहू द्या."

"अजून तारीख बदलता येईल, पुलो."

"डुक्कर सांगून झालंय. ऑस्ट्रेलियाचा पाहुणा येतोय हे सगळ्यांना सांगून झालंय. बँडवाले विचारून गेले, त्याला कुठलं गाणं आवडतं."

"मग बँडसाठी त्याची शेवटची खेप घालवणार का?"

तो उठला आणि होडीकडे चालू लागला.

ऑक्टोबर आला. ते पहिले दोन आठवडे असे गेले की म्हाताऱ्या कोळ्यांनीही वाखाणले. रोज पहाटे समुद्र गुळगुळीत, प्रवाळावर लाटा एकामागून एक. पाहुणे ओरडत, हसत होडीतून उतरायचे आणि त्यांच्या मागून क्रिस्पुलो यायचा तो मर्तिकाहून आल्यासारखा. त्याची बायको रुफिना मला कुंपणावरून म्हणाली, "सगळ्या बेटावर आनंद आहे. एवढ्या चांगल्या लाटांचं यालाच काय दुःख झालंय, कळत नाही." मी तिला सांगितलं नाही. दोन दिवसांनी त्यानेच सांगितलं असावं, कारण रुफिनाने तो विषय पुन्हा काढला नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृतांच्या दिवशी आम्ही कबरींवर मेणबत्त्या लावल्या आणि त्या एकेक करून विझल्या. अमिहान लागला होता.

डेस आला तो एकच फळी आणि पट्ट्यांत आवळलेला खांदा घेऊन. क्रिस्पुलो रोज पहाटे त्याला उठवी आणि दोघं किनाऱ्यावर जाऊन उभे राहत. समोर नुसता पांढरा गोंधळ. डेस म्हणे, "उद्या बघू." मग पाऊस. बेनिग्ना त्याच्यापुढे शिरक्यात मुरवलेल्या कच्च्या माशांची, किनिलावाची थाळी ठेवून म्हणे, "मासे ताजे आहेत, खोली कोरडी आहे. समुद्राचं काय, तो कुठे जातोय?" डेस हसून खायचा. क्रिस्पुलो दारातच उभा राहायचा, आत यायचा नाही.

फेस्ताच्या पहाटे मला जाग आली ती शांततेने. रात्रभर पाऊस होऊन गेला होता आणि माडाची एकही झावळी हलत नव्हती. थोड्या वेळाने जमिनीकडून मतलई वारा सुटला. असं कधीतरी होतं, तास-दीड तासापुरतं. बाहेर आले तर क्रिस्पुलो फेस्ताचा पांढरा बारोंग सदरा घालून अंगणात उभा होता, समुद्राकडे तोंड करून.

रुफिना दारात आली. "पुलो, फादर आलेत."

"वारा पडलाय."

"सान आंद्रेसला कोण उचलणार? वारा?"

"तोही कोळीच होता. त्याला कळेल."

"त्याला कळेल रे. गावाला कोण सांगणार?"

तो थेट तेओदुल्फोच्या घरी गेला. ज्याच्यावर मात करायची म्हणून त्याने हे सगळं केलं होतं, त्यालाच आपल्या जागी मूर्ती उचलायला सांगितलं. तेओदुल्फो भला माणूस आहे, पण आपला न्यायाधीश भाऊ परत आल्यासारखा तो हसला. मग क्रिस्पुलोने बारोंग काढून रुफिनाच्या हातात दिला आणि डेसला उठवलं.

पुढचं मला क्रिस्पुलोने सांगितलं. लाट मोठी नव्हती, पण स्वच्छ होती. डेसने तीन लाटा घेतल्या. चौथीवर त्याचा खांदा गेला आणि तो एका हाताने पाणी मारत परतला. क्रिस्पुलोने त्याला होडीत ओढून घेतलं. तोवर समुद्राकडून पाणी काळवंडत येऊ लागलं होतं, अमिहान परतला होता. डेस दुखण्याने पांढरा पडला होता, तरी म्हणाला, "चार मिळाल्या. फुकट नाही गेली खेप."

तेव्हा क्रिस्पुलोने इंजिन बंद केलं. "मी तुला ऑक्टोबरमध्ये बोलवायला हवं होतं. मला ठाऊक होतं. मला माझ्या टेबलावर पाहुणा हवा होता, म्हणून नोव्हेंबर सांगितला."

डेसने फळीची दोरी पायातून सोडवली. मग त्याने विचारलं, "ऑक्टोबरमध्ये कशा होत्या?"

"तिथे खोटं बोललो असतो, तर त्याला बरं वाटलं असतं, नांग," क्रिस्पुलो मला म्हणाला. "पण आता किती खोटं बोलू?" त्याने सांगितलं, "काचेसारख्या."

"रोज?"

"रोज."

"चल," डेस म्हणाला. "तुझे लोक वाट बघत असतील."

डेस टेबलाच्या मानाच्या टोकाला बसला, हात रुफिनाच्या ओढणीत अडकवलेला. सगळ्यांनी त्याच्याशी डाव्या हाताने हस्तांदोलन केलं. लेचोनची, म्हणजे आख्ख्या भाजलेल्या डुकराची, खरपूस कातडी आधी त्याच्या ताटात पडली. तेओदुल्फो खांदा चोळत म्हणाला, "आपला संत जड आहे रे पुलो, पुढच्या वेळी आदल्या रात्री सांग." लोक हसले. बेनिग्नाचा आवाज सगळ्यांत वर होता. "एवढ्या लांबून आला हा माणूस, आमच्या पुलोच्या एका शब्दावर! विचारा त्याला."

डेसने क्रिस्पुलोकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला. "त्याच्या शब्दावर."

क्रिस्पुलो हातातलं भाताचं भांडं घेऊन आत गेला आणि पंगती उठेपर्यंत स्वयंपाकघरातच मांस तोडत राहिला. गाव म्हणालं, असा राबणारा हेरमानो कुणी पाहिला नव्हता.

शस्त्रक्रियेनंतर डेसचा छोटा निरोप आला. हात कानाच्या वर जात नाही, फळी भाच्याला देऊन टाकली. क्रिस्पुलोने तो ऐकून घेतला आणि उत्तर लिहायला सांगितलं नाही.

आता कुणी हंगामाच्या शेवटाबद्दल विचारलं की तो मला सांगतो, "लिहा. ऑक्टोबर मिळत असेल तर ऑक्टोबरलाच या. नोव्हेंबरला यायचं तर चार दिवस काढून येऊ नका, दोन आठवडे काढून या. पहाटे अंधारात उठायची तयारी ठेवा. वारा पडला तर एक तास मिळेल. नाही पडला तर तोही नाही."

"हे आमंत्रण आहे की मृत्युपत्र?" बेनिग्ना ओरडते.

गेल्या ऑक्टोबरात एका सकाळी तो होडीवरून ओल्या अंगानेच माझ्याकडे आला. "डेसला लिहा नांग, खांदा कसा आहे विचारा."

उत्तर आमच्या समोरच आलं. "खांदा आहे तसाच. आज लाटा कशा आहेत?"

मी वाचून दाखवलं. समोर समुद्र गुळगुळीत पडला होता. क्रिस्पुलोने तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाईट आहेत असं मी लिहावं म्हणून तो थांबला होता, असं मला वाटलं. पण माझी बोटं त्याच्याच शब्दाची वाट बघत होती.

"चांगल्या आहेत," तो म्हणाला. "लिहा. खूप चांगल्या आहेत."

मी लिहिलं. परत काही येतं का, हे पाहायला तो थांबला नाही. फोन माझ्यापाशीच ठेवून तो होडी धुवायला गेला.