गच्चीवरची परेड

आमच्या गल्लीतले नाथाजी हवालदार पलटणीतून घरी आले ते एक लोखंडी ट्रंक, बुटाचे दोन ब्रश आणि दिसेल त्याला नीट उभं करायची खोड घेऊन. इस्लामपूरच्या बाजूला फौजी काही कमी नाहीत, पण कोंबड्यांना दाणेसुद्धा रांगेत टाकणारा हा एकच.

बायको गेल्यावर त्यांच्या हाताखाली एकच शिपाई उरला, नात क्रांती. बालवाडीला निघण्याआधी अंगणात तिची तपासणी व्हायची. नखं, वेणी, डबा आणि शेवटी बूट. ते आजोबा-नातीनं मिळून चकाकवायचे, आबांनी ‘तेज चल’ म्हणायचं आणि क्रांतीनं हात हलवत निघायचं. आबाही मागनं जात, पण आपण दुसऱ्याच कामाला निघालोय असा चेहरा करून.

मग त्यांच्या मुलाला, इंद्रजितला, जर्मनीत नोकरी लागली. त्या गावाचं नाव गल्लीत कुणाला एका दमात घेता येत नाही. बायको सोनिया आणि क्रांतीला घेऊन तो गेला, आणि हवालदारांची पलटण कोंबड्यांवर आली.

तिथं शाळा सुरू झाली, तशी क्रांती बूट दिसले की रडायला लागली. वर्गात तोंडच उघडेना. सोनियानं समजावलं, खाऊ दिला, रागावूनही पाहिलं. शेवटी सासऱ्यांना फोन लावला. “मामा, आता तुमीच काय तरी करा. ती तुमचंच ऐकती.”

हवालदारांना काळजी वाटली असणारच, पण त्या दिवशी ते गल्लीतनं ताठ चालले एवढं खरं.

तिची शाळेची वेळ म्हणजे आपल्याकडं ऊन चढलेलं. घरात रेंज नाही, म्हणून परेड गच्चीवर. इस्त्रीचा शर्ट, मोजे, बूट घालून हवालदार पाण्याच्या टाकीपाशी बसत, मोबाईल टाकीला टेकवून. इकडं आबांचा ब्रश, तिकडं नातीचा. शेजारचे भाऊसो खालनं विचारत, “हवालदार, परत बोलावनं आलं काय?”

क्रांती शाळेत जाऊ लागली. आता हवालदारांनी पुढचा धडा घेतला. बाई वर्गात आल्या की ताडकन उभं राहायचं आणि मोठ्यानं ‘नमस्ते बाई’ म्हणायचं. आपल्या गावात हे मांजरालाही ठाऊक असतं. क्रांती राहिली उभी. एकटीच. बाकीची पोरं बसल्या जागी तिच्याकडं बघत राहिली, मग हसली.

दुसऱ्या दिवशी फोनवर नात दिसेना. नुसतं छत दिसत होतं.

हवालदारांनी हातातला ब्रश खाली ठेवला. मग हळू आवाजात बोलले, “तुझं चुकलं न्हाई, बाळ. म्या हितली कवायत शिकवली, तिथली येगळी आसती. मी पलटणीत नवा हुतो तवा माझा पाय रोज चुकायचा. मग शेजारच्याचा पाय बघाय लागलो. तू आता माझ्याकडं बघू नगं. शेजारच्या पोरीकडं बघ.”

छताच्या कडेला एक डोळा आला. “आनि ती हसली तर?”

“तू बी हस की मग.”

पुढं फोनवर त्या शेजारच्या पोरीच्याच गोष्टी येऊ लागल्या. तिची सायकल, तिचं कुत्रं, तिचा पडलेला दात. ब्रश चार फटक्यांवर आला. एका सकाळी तिकडची बेल वाजली आणि क्रांती म्हणाली, “आबा, ती खाली आलीया. जाऊ?” बुटांना चिखल होता. हवालदारांनी तो पाहिला आणि नुसती मान डोलावली. ‘तेज चल’ म्हणेपर्यंत समोर रिकामी भिंत होती.

आता फोन रविवारी येतो. हवालदार मात्र ऊन चढलं की रोज गच्चीवर जातात, बूट घालून.

परवा भाऊसो वर गेले. हवालदारांनी त्यांना सोनियानं पाठवलेला फोटो दाखवला. शाळेच्या दारात पोरांचा घोळका, मधे क्रांती, तोंडभर हसणारी.

“बुटाला पालिश न्हाई,” भाऊसो म्हणाले.

“कुनाच्याच न्हाई. बराबर हाय तिचं.”

भाऊसोंना म्हशीला पाणी दाखवायचं होतं. ते उठले. हवालदार त्यांच्या धुळीनं भरलेल्या चपलांकडं बघत होते.

“काढ की त्या,” ते म्हणाले. “जरा ब्रश मारतो.”

भाऊसो परत खाली बसले आणि त्यांनी चपला काढून दिल्या.