पामआजींचं कडू फूल

फूल दिसलं की "हे खातात का?" असं विचारणाऱ्या इथे परदेशात, आमच्या पॉइंट कुकच्या गल्लीत एकच बाई होत्या, शेजारच्या पामआजी. त्या ग्वातेमालाच्या, माया लोकांपैकी. "माया म्हटलं की सगळे पिरॅमिडचं विचारतात," त्या म्हणायच्या. "घरी काय शिजतं, ते कोणी विचारत नाही."

मी विचारलं आणि अडकले. त्यांच्या काचेच्या पडवीत पकाया नावाच्या पामची कुंडीतली दोन झाडं होती, एक नर, एक मादी. नराची न उमललेली फुलं मक्याच्या कोवळ्या कणसासारखी दिसतात. ती उकडायची, अंड्यात बुडवून तळायची. पहिल्या घासाला माझं तोंड वाकडं झालं. आम्ही कारलं मीठ लावून पिळतो, असं सांगितलं तर भडकल्या. "कडूपणाच काढायचा, तर काकडी खा ना!"

एक नोव्हेंबरला त्या दिवंगत नवऱ्यासाठी ताट वाढत, आपण पितृपक्षात वाढतो तसं. त्यात पकाया हवाच, तोही ताजा. गेल्या वर्षी नेमकं ऑक्टोबरात त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. "कणसं फुगली की काप. उमलली की संपलं," त्यांनी मला बजावलं. मी "नो वरीज" म्हणून मोकळी झाले.

पण कळीला कात्री लावायला हात धजेना. लहानपणी जास्वंदीची कळी तोडली म्हणून आईचा धपाटा खाल्लेला. उद्या कापू, उद्या कापू म्हणत राहिले आणि एका गरम दुपारी सगळी कणसं उमलून पिवळ्या झुपक्यांनी लोंबायला लागली.

आजी वॉकर घेऊन घरी आल्या, तेव्हा मला रडूच फुटलं. त्यांनी झुपके पाहिले, मग मला. "त्यानं मला जन्मभर ताटकळत ठेवलं. एक वर्ष त्याला थांबू दे," म्हणाल्या आणि माझ्या हातात रंगाचा ब्रश दिला. नराचे पराग मादीच्या फुलांना लावायला. इतकं मोठं मन मी फार कमी माणसांत पाहिलंय.

यंदा जुलैत, इथल्या हिवाळ्यात, मुलगी त्यांना ब्रिस्बेनला घेऊन गेली. जाताना कुंड्या आणि नवऱ्याचा फोटो माझ्याकडे देऊन गेल्या. या खेपेला मी मन घट्ट करून वेळेवर कात्री चालवली, ताट वाढलं आणि त्यांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी फोन ताटाजवळ न्यायला लावला.

"चव बघितलीस?"

"कडूजहर झालंय, आजी."

"मग येईल तो. दार उघडं ठेव."

मी माशा अडवणाऱ्या जाळीसकट दार सताड उघडलं. नोव्हेंबरातल्या, उन्हाळा लागतानाच्या सगळ्या माशा आत आल्या. येऊ देत म्हटलं.