साडी दाखवणारी

मंद्रूपहून येऊन मी सोलापुरातल्या साडीच्या दुकानात कामाला लागले, तेव्हा माझं नाव मुलाचं होतं आणि अंगात दुकानाचा निळा शर्ट. पहिले सहा महिने फक्त घड्या घालायच्या. गिऱ्हाईक उठून गेलं की गादीवर साड्यांचा ढीग पडायचा, तो होता तसा रचायचा. मला हे काम इतकं आवडायचं की जेवायला हाका माराव्या लागायच्या.

पुढचं शिकवलं मामांनी. दुकानातले सगळ्यात जुने सेल्समन; त्यांना सगळे मामाच म्हणायचे. घरी तेलुगू, त्यामुळं मराठीत त्यांचं बाई-पुरुषाचं गणित कायम चुकायचं. "नवा साडी आलाय, बघा की," असं ते बिनदिक्कत म्हणायचे आणि बायका हसत हसत अजून दोन साड्या उघडायला सांगायच्या. पदर खांद्यावर टाकून कसं वळायचं, हे त्यांनीच दाखवलं. आमच्या धंद्यात पुरुषच साडी स्वतःला लावून दाखवतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. दिवसातून तीस-चाळीस वेळा मी समोरच्या आरशात स्वतःला बघायची. मग पदर काढून ठेवायची आणि पुन्हा शर्टात उभी राहायची.

सव्विसाव्या वर्षी मी डॉक्टरांकडं जायला लागले आणि घरी सांगितलं. वडील म्हणाले, "गावात येऊ नगंस." आई चुलीपुढं बसली होती, ती भाकरी थापत राहिली.

दुकानातही सांगणं भाग होतं. मालकीणबाईंना आम्ही अक्का म्हणतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे आता बाई म्हणून राहणार?"

"हो."

"काम सोडणार आहेस?"

"तुम्ही काढलं तर..."

"मी काय विचारलं? तू सोडणार आहेस का?"

"नाही, अक्का."

"मला ह्यातलं काही कळत नाही. दोन दिवस दे."

ते दोन दिवस मी काय विकलं, मला आठवत नाही. तिसऱ्या दिवशी टेबलावर दुकानातल्या बायका नेसतात तशा दोन मोरपंखी साड्या ठेवलेल्या होत्या. "शिंप्याला सांगितलंय, ब्लाउजचं माप देऊन ये," अक्का म्हणाल्या. "आणि बायकांच्या बाथरूमचं मी सगळ्यांशी बोलले. दोघींना अवघड वाटतंय. होईल सवय." त्यातल्या एकीला महिन्याभरात झाली. दुसरी वर्षभर माझ्याशी बोलली नाही, मग एके दिवशी माझ्यापुढं पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, "एवढी पिन लाव गं."

मी साडी नेसून पहिल्यांदा आले त्या सकाळी मामा गठ्ठे सोडत होते. वर न बघता म्हणाले, "आलीस का? ते इरकलचे इकडं घे." जन्मभर 'साडी आला' म्हणणारा हा माणूस माझ्या बाबतीत त्या दिवसापासून एकदाही चुकला नाही.

सगळं असंच गोड झालं नाही. लग्नाचा बस्ता बांधायला माळशिरसकडचं एक मोठं घर आलं होतं, बाराएक माणसं. मी शालू उलगडत होते. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांनी माझ्याकडं बघत मामांना विचारलं, "दुसरं कुणी न्हाय का हितं?"

"आहेत की," मामा म्हणाले. "पण नवरीला काय शोभतंय ते हिला जास्त कळतंय. बसा."

ते उठले. त्यांच्यामागं सगळे उठले. नवरी दारातून एकदा वळून त्या शालूकडं बघून गेली.

मी घडी घालायला घेतली. अक्का गल्ल्यावरून उठून आल्या.

"माझ्यामुळं गेले," मी म्हणाले.

"गिऱ्हाईक जातंच. काल एकजण गाडी लावायला जागा नाही म्हणून गेला." त्यांनी चहा मागवला आणि माझ्याशेजारी बसून घड्या घालायला लागल्या. त्यांना घडी घालता येत नाही. त्या गेल्यावर मामांनी गुपचूप सगळ्या पुन्हा घातल्या.

घरी सांगितल्याला तीन वर्षं झाल्यावर, एका दुपारी, मावशीला घेऊन आई दुकानात आली. मावसबहिणीचं लग्न ठरलं होतं. चपला काढून ती थेट माझ्या गादीवर बसली.

"हिरवी दाव. लई भडक नगं."

मी दाखवत गेले. तिनं चार साड्या "न्हाय" म्हणून बाजूला सारल्या. पाचवीचा पदर मी खांद्यावर टाकला, तर ती साडीकडं न बघता माझ्याकडंच बघत राहिली.

"बारीक झालीस. जेवतीस का न्हाय?"

"जेवते की."

मावशीनं उगाच रुमालानं तोंड पुसलं. मामांनी चहा सांगितला. वडिलांचं मी विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "त्यांचं अजून तसंच हाय. पर मी येत जाईन."

आता ती महिन्यातून एकदा येते, मंद्रूपचा बाजार नसेल त्या दिवशी. डब्यात भाकरी आणि शेंगाची चटणी असते. घेत काहीच नाही. गादीवर बसून शेजारच्या गिऱ्हाइकाला सांगते, "ही नगं, रंग जातोय हिचा." अक्का म्हणतात, तुझ्या आईला एक तर पगार द्यावा लागेल नाहीतर घरी पाठवावं लागेल. पण चहा सांगताना आईचाही एक कप त्या स्वतःहून मोजतात.