भांड्यातलं मेण

ओताऱ्यांच्या कारखान्यात मी पितळेचा बैल बघायला गेले आणि मेणच बघत बसले.

तिथल्या कमलबाईंनी मेणाचा बैल घडवून त्यावर माती लिंपली होती. ती वाळल्यावर त्यांच्या यजमानांनी तो गोळा विस्तवावर धरला. आतलं मेण वितळून खालच्या भोकातून थेंबथेंब भांड्यात पडू लागलं. आता त्या पोकळीत पितळ ओतायचं. बघायला आलेल्या आम्हा सगळ्यांचं लक्ष भट्टीकडे. बाईंचं मात्र भांड्याकडे.

"हे भांडं आम्ही कधी रिकामं करत नाही," त्या म्हणाल्या. "थोडं मेण जळतं, तेवढं नवं घालायचं. सासूबाईंच्या वेळचं मेण आहे यात."

म्हणजे विरजणच की! या मेणाचे आजवर किती देव झाले असतील, किती बैल, किती घुंगरं. दर वेळी बोटांखाली सगळा आकार घ्यायचा, आणि पितळेला जागा करून देऊन मुकाट बाहेर पडायचं. देव्हाऱ्यात बसायचं ते पितळेनं. मला उगाचच पितळेचा राग आला.

"लेकीला लग्नात यातलाच एक गोळा दिला," बाई म्हणाल्या.

"तिच्या सासरीही ओतकाम आहे?"

"छे हो ताई. तिकडे सगळे मास्तर लोक."

"मग ती काय करते त्या मेणाचं?"

बाई हसल्या. भांडं त्यांनी हलकेच सावलीत सरकवलं.

"गोधडी शिवताना दोऱ्याला लावते. कितीही धुतली तरी दोरा तुटत नाही म्हणे."