मोरघारीची साइट

कंपनीत मी क्वालिटीला आहे. दुसऱ्याच्या कामातली खोट काढायचाच पगार मिळतो, त्यामुळे माणसांकडेही मी जरा तिरकाच बघतो. पण चाकणपलीकडच्या डोंगरावर मला माझ्याहून संशयी माणूस भेटला.

मी मोरघार शोधत होतो. नावात घार असली तरी हा गरुड आहे, आणि आमच्या भागात क्वचितच दिसतो. कड्याच्या कपारीत घरटं करतो. एका मित्राने तो त्या कड्यावर पाहिल्याचं शपथेवर सांगितलं होतं. मित्राच्या शपथांचा मला अनुभव आहे, तरी सुट्टीच्या दिवशी रहाटणीहून गाडी काढली. टेकाडावर स्टँड उभा केला, त्यावर मोठी दुर्बीण लावली आणि मित्राला फोन केला.

"साइट एक नंबर आहे राव! समोरचा सगळा पट्टा दिसतोय. पुढच्या सुट्टीला सगळ्यांना घेऊन येतो."

मागे वळलो तर धोतरातले एक म्हातारे शेतकरी उभे. पायथ्याचं रान त्यांचं.

"कुठल्या कंपनीचं तुमी?"

मी भाबडेपणाने कंपनीचं नाव सांगून टाकलं. झालं!

"मोजणी बंद करा. आमी जागा देनार न्हाई."

शेजारच्या गावात जमिनी कारखान्यांसाठी घेणार म्हणून सातबाऱ्यांवर शिक्के पडले होते. आता आपली पाळी, ही त्यांची धास्ती. मी पक्षी बघायला आलोय म्हटल्यावर ते आणखीच भडकले. "पाखरू बघाया येवढं यंत्र लागतंय व्हय?" मलाही राग आला. सुट्टी घालवायची आणि वर चोर ठरायचं! शेवटी त्यांनाच दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं, मोरघारीची माहिती दिली. बराच वेळ ते कडा बघत राहिले.

"असलं पाखरू हितं हाय असं सरकारला कळलं, तर कंपनी येनार न्हाई?"

"सांगता येत नाही, मामा. पण नोंद तरी होईल."

त्या दिवसापासून चित्र पालटलं. मामांचे फोन सुरू झाले. "आत्ताच बसला हुता. आत्ताच गेला." मी धावत जायचो, कडा रिकामा. पक्षी दर वेळी नुकताच गेलेला. असं बोलणाऱ्या सप्लायरचा माल मी गेटवरूनच परत पाठवतो.

मग एकदा फोन आला. "बसलाय. हालत न्हाई. या."

गेलो. मामांनी वाळक्या झाडाकडे बोट दाखवलं. पक्षी खरंच बसलेला होता. माझ्यासमोरच उडाला, आणि मधोमध खाच पडलेली शेपूट दुर्बिणीशिवाय दिसली.

"मामा, ही घार आहे."

"मोरघार."

"साधी घार. आयुष्य रानात गेलं तुमचं, तुम्हाला घार ओळखता येत नाही?" माझा आवाज चढला होता.

ते दगडावर टेकले. मग म्हणाले, "वळखतो की. कोंबडीची पिल्लं राखलीत तिच्यापासनं. घारच हाय. पर तुमच्या नोंदीत म्होरं नुसतं 'मोर' लावा की. येका शब्दाचं काम. कोन तपासाया येतंय?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. केलेल्या प्रत्येक फोनमागे हा माणूस आपलं रान वाचवत होता.

"तपासतात, मामा," मी म्हणालो. "खोटं एकदा सापडलं, की उद्या खरा पक्षी आला तरी कुणी विश्वास ठेवणार नाही."

त्यांना ते पटलेलं दिसलं. कड्याकडे एकदा बघून घेतलं आणि धोतर झटकून उठले.

"मग खरा येईस्तवर बसा तुमी. भाकरी हितंच घिऊन येतो."

आणि ते खरंच घराकडे निघाले.